सेंट क्रॉसची दोन चित्रे

इंग्रजीतील 'आम्सहाउस' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. धर्मशाळा म्हणावे, तर तेथे वाटसरू रात्रीपुरता उतरतो आणि पहाटे वाट धरतो. अन्नछत्र म्हणावे, तर तेथे पान वाढले जाते, घर मिळत नाही. वृद्धाश्रम म्हणावे, तर त्या शब्दाला गेल्या काही दशकांत टाकून दिल्याची जी एक छटा चिकटली आहे, ती या वास्तूंना लागू पडत नाही. कोणा दात्याने आपल्या मिळकतीतून जमीनजुमला तोडून द्यावा. त्याच्या उत्पन्नातून ठरावीक संख्येच्या गरीब वृद्धांना मरेपर्यंत राहावयास घर मिळावे, थोडा भत्ता मिळावा, बहुधा अंगावर घालावयास एक झगा मिळावा. जवळच प्रार्थनेसाठी चॅपेल असावे आणि देखरेखीसाठी 'मास्टर' किंवा 'वॉर्डन' नावाचा एक कारभारी असावा, असा हा सारा संसार आहे. आम्ही येथे त्याला 'दानगृह' म्हणणार आहोत. इंग्लंडात अशी दानगृहे नऊशे वर्षांपासून बांधली जात आहेत आणि त्यांतील कित्येक आजही नांदती आहेत.

या विषयाकडे आमचे लक्ष प्रथम गेले ते एका चित्रामुळे. सेमिनरीत असताना वाचनालयाच्या कपाटात प्यूजिनच्या 'कॉन्ट्रास्ट्स' या ग्रंथाची एक जीर्ण प्रत आमच्या हाती लागली. ऑगस्टस वेल्बी प्यूजिन हा इंग्लंडातील गॉथिक वास्तुकलेच्या पुनरुज्जीवनाचा मोठा पुरस्कर्ता. १८३५ साली, वयाच्या तेविशीत, त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, दुसऱ्याच वर्षी हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८४१ साली त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. त्या दुसऱ्या आवृत्तीत एका पानावर गरिबांची दोन घरे शेजारी मांडली आहेत. एक 'आधुनिक', दुसरे 'प्राचीन'.

आधुनिक घर म्हणजे ओसाड माळावरची एक अष्टकोनी कोंडवाडेवजा इमारत. तत्त्वज्ञ बेन्थॅम याने कल्पिलेल्या तुरुंगासारखी, मधोमध बसलेल्या पहारेकऱ्याला सर्व काही दिसावे अशी. प्राचीन घर म्हणजे मठासारखा प्रशस्त चौक, भव्य चर्च, बागा आणि धुराड्यांच्या रांगा. भोवती छोट्या चौकटी आहेत. एकीकडे कोठडीतला फाटका म्हातारा, तर दुसरीकडे झगा ल्यालेला, छातीवर क्रूसाचे चिन्ह मिरवणारा संतुष्ट वृद्ध. एकीकडे हातात चाबूक घेतलेला मास्टर, दुसरीकडे भिक्षा वाटणारा धर्मगुरू. एकीकडे पातळ पेज, दुसरीकडे मांस, चीज, गव्हाची भाकरी आणि एल. शेवटची चौकट सर्वांत जिव्हारी लागणारी आहे. आधुनिक घरातला गरीब मेला की त्याचे प्रेत पेटीत घालून शरीरविच्छेदनासाठी पाठवले जाते, तर प्राचीन घरातल्या गरिबाला मेणबत्त्या आणि प्रार्थना यांच्यासह ख्रिस्ती मूठमाती मिळते. यात प्यूजिनने काही पदरचे घातले नव्हते. १८३२ च्या कायद्याने बेवारस गरिबांची प्रेते वैद्यकीय शाळांना देण्याची मुभा दिली होती, आणि १८३४ च्या नव्या गरीब-कायद्याने उभ्या केलेल्या 'वर्कहाउसां'त नवरा-बायकोचीही ताटातूट होत असे.

आमच्या तरुण रक्ताला हे चित्र फार आवडले. ते पान आम्ही चार मित्रांना दाखवले, आणि 'पाहा, आपल्या काळी गरिबाला काय मान होता' असे म्हणून आम्ही सर्वांनी अभिमानाने माना डोलावल्या. 'आपला काळ' म्हणजे बाराव्या शतकातले इंग्लंड, आणि आम्ही एका मराठी धर्मग्रामातून आलेले, हे त्या वेळी कोणाला खटकले नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्याच चित्राकडे पाहताना आम्हांला ते अर्धे खरे वाटते. कोणते अर्धे खरे, हे सांगण्यासाठी आधी भिंतींकडे जाऊ, कारण भिंतींच्या बाबतीत प्यूजिन जाणकार होता.

आरंभी दानगृह आणि रुग्णालय यांत भेद नव्हता. इंग्रजीत दोन्हींना 'हॉस्पिटल'च म्हणत, आणि 'हॉस्पिटल' म्हणजे आतिथ्याची जागा. चिचेस्टर येथील सेंट मेरी हॉस्पिटलची वास्तू तेराव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. ते एक लांबलचक लाकडी दालन आहे. त्याचे छप्पर दोन्ही बाजूंनी इतके खाली उतरते की बाहेरून पाहणाऱ्याला भिंतीपेक्षा कौलेच अधिक दिसतात. आत दोन्ही कडांना खाटा असत आणि पूर्वेच्या टोकाला, जाळीदार पडद्यापलीकडे, चॅपेल. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला पडल्यापडल्या वेदी दिसावी आणि मिस्साबली ऐकू यावा. चर्चच्याच आकाराचा हा आराखडा. फक्त भाविकांच्या जागी रुग्ण. यात एक मोठे धर्मज्ञान दगड-लाकडात उतरले आहे यात शंका नाही. तथापि त्या दालनात कोणाचेही स्वतःचे असे काही नव्हते. खोकलणारा शेजारी, मरणारा शेजारी, आणि हिवाळ्यात अंगावर येणारा वारा, सारे सामाईक.

विंचेस्टर शहराबाहेर, इचेन नदीच्या कुरणांत, सेंट क्रॉस हे दानगृह आहे. ते ११३० च्या दशकात बिशप हेन्री ऑफ ब्लुआ यांनी स्थापले. राजा स्टीफनचे हे बंधू. तेरा गरीब, दुबळ्या पुरुषांना कायमचा आसरा आणि रोज शंभर गरिबांना जेवण, असा मूळ संकल्प होता. तेरा हा आकडा प्रभू येशू आणि त्याचे बारा प्रेषित यांचा. येथील चर्च एखाद्या लहानशा कॅथीड्रलसारखे आहे: जाड नॉर्मन भिंती, नागमोडी नक्षी, आणि एकमेकींना छेदणाऱ्या अर्धगोल कमानींची रांग. या छेदणाऱ्या कमानींतूनच टोकदार गॉथिक कमान जन्मली, असा सिद्धान्त अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन मिल्नर यांनी मांडला. हे मिल्नर विंचेस्टरमध्ये कॅथलिक कळपाची सेवा करणारे एक धर्मगुरू होते, पुढे बिशप झाले. सिद्धान्त आज मान्य होत नाही. पण एका धर्मगुरूने आपल्या गावच्या कमानींकडे इतके टक लावून पाहावे, याचे आम्हांला कौतुक वाटते.

१४४५ च्या सुमारास कार्डिनल हेन्री बोफर्ट यांनी सेंट क्रॉसमध्ये 'उमद्या दारिद्र्याचा संघ' स्थापला, म्हणजे चांगल्या घरचे पण दैव फिरलेले लोक येथे यावेत म्हणून. आजही ब्लुआच्या दानाचे बंधू काळा झगा घालतात आणि बोफर्टच्या दानाचे तांबडा. १४३१ साली रुआँच्या चौकात संत जोन ऑफ आर्क हिला जाळले, तेव्हा हजर असलेले कार्डिनल हेच. दानशूर माणसाचे चरित्र सलग वाचू नये, असे कधी कधी वाटते ते यामुळे. असो.

बोफर्टच्या काळातली बांधकामाची खरी क्रांती झग्याच्या रंगात नाही, धुराड्यांत आहे. चौकाच्या कडेला जी दुमजली ओळ उभी राहिली, तिच्या छपरातून उंच धुराड्यांची रांगच वर आली आहे. धुराडे म्हणजे चूल, आणि चूल म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाड. म्हातारा आता दालनातल्या खाटेवरून उठून स्वतःच्या खोलीत गेला. साधारण याच सुमारास, १४३७ साली, ऑक्सफर्डशायरमधल्या यूएल्म गावी विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी ॲलिस चॉसर यांना तेरा गरीब आणि दोन धर्मगुरू यांच्यासाठी 'देवाचे घर' बांधण्याची परवानगी मिळाली. ॲलिस ही कवी जेफ्री चॉसरची नात. तिथल्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की प्रत्येकाला चूल असलेली स्वतःची लहानशी खोली असावी, जेथे तो खाईल, पिईल, विसावा घेईल आणि एकान्तात प्रार्थना करील. विटांचा छोटा चौक, आतून ओवरी, आणि ओवरीतून वर चर्चकडे जाणारा जिना. तीन जहागिरींचे उत्पन्न त्याला लावून दिले होते.

आमच्या मते दानगृहांच्या सर्व इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण. चिचेस्टरच्या दालनात गरिबाला वेदी दिसत होती; यूएल्मला त्याला दारही मिळाले. ते आतून लावता येते, आणि कोणी आले तर ठोठवावे लागते. आम्ही पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना परमप्रसाद देण्यासाठी घरोघर जातो, तेव्हा जिन्याखाली किंवा मागच्या पडवीत टाकलेली खाट आम्हांला पुष्कळदा दिसते. मुले-सुना प्रेमळ असतात, औषधपाणी वेळेवर होते. पण त्या खाटेला दार नसते. पंधराव्या शतकातल्या एका श्रीमंत दांपत्याला तेरा अनोळखी म्हाताऱ्यांसाठी दार सुचले, ही गोष्ट लहान नव्हे.

अर्थात दाराची किंमत वसूल केली जात होती. यूएल्मच्या रहिवाशांनी दिवसातून अनेकदा चर्चमध्ये येऊन संस्थापकांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करावी, न आल्यास दंड भरावा, असा दंडक होता. झग्यावर तांबडा क्रूस असे. शेजारच्या चर्चमध्ये ॲलिसची कबर आहे. वर संगमरवरासारख्या अलाबास्टर दगडात कोरलेली, सन्मानचिन्हे ल्यालेली डचेस. आणि खाली, वाकून पाहिले तरच दिसेल अशा जागी, तिचेच कुजत चाललेले प्रेत कोरलेले. दानगृह, प्रार्थना आणि ते प्रेत हे एकाच वाक्याचे तीन शब्द आहेत. मृत्यूनंतर शुद्धिस्थानात आपल्यासाठी कोणीतरी प्रार्थना करील, गरिबाची प्रार्थना देव लवकर ऐकेल, या श्रद्धेने ही घरे उभी राहिली. या श्रद्धेला व्यवहार म्हणून हिणवणारे लेखन पुष्कळ आहे. आम्हांला ते पटत नाही. दाता गरिबाकडे काहीतरी मागत होता, म्हणजे गरिबाजवळ देण्यासारखे काहीतरी आहे असे मानत होता. वर्कहाउसच्या कारभाऱ्याला गरिबाकडून काहीच नको होते, आणि म्हणूनच तो त्याला काहीही करू शकत होता. एवढ्यापुरता प्यूजिन खरा आहे.

आता हिशेबाची वही उघडू. १८४१ साली प्यूजिनने हे पान छापले, तेव्हा झगा घातलेल्या वृद्धांचे जे घर नजरेसमोर येते त्या सेंट क्रॉसचा मास्टर कोण होता? फ्रान्सिस नॉर्थ, अर्ल ऑफ गिल्फर्ड. १८०८ साली त्याला हे पद मिळाले ते विंचेस्टरचे तेव्हाचे बिशप ब्राउनलो नॉर्थ यांच्याकडून, आणि हे बिशप त्याचे वडील होते. दानगृहाच्या जमिनी नाममात्र खंडाने लांब मुदतीच्या पट्ट्यावर दिलेल्या होत्या. पट्टा नवा करताना कुळाकडून एकरकमी भलामोठा नजराणा घ्यावयाचा, ही तिथली रीत. खंड संस्थेच्या खात्यात जमा होई आणि नजराणा मास्टरच्या खिशात. १६९६ साली तेव्हाच्या मास्टरने एक 'रूढीपत्र' लिहवून घेतले होते. त्यात उरलेले उत्पन्न मास्टरचे, असे ठरवलेले होते. लॉर्डसाहेब त्यावर बोट ठेवीत. अखेर प्रकरण न्यायालयात गेले. १८५३ साली न्यायमूर्ती सर जॉन रोमिली यांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि १८५५ साली त्याने पद सोडले.

कोणी म्हणेल, की हा अँग्लिकन काळातला भ्रष्टाचार; प्यूजिनने दाखवला तो कॅथलिक काळ. आम्हीही बरीच वर्षे असेच समजत होतो. पण सेंट क्रॉसचा इतिहास वाचणाऱ्याला चौदाव्या शतकात थांबावे लागते. १३७० च्या दशकात बिशप विल्यम ऑफ विकम यांना याच सेंट क्रॉसच्या एकामागून एक आलेल्या मास्टरांशी वर्षानुवर्षे भांडावे लागले. इमारती मोडकळीस आल्या होत्या, चीजवस्तू विकल्या गेल्या होत्या, शंभर गरिबांचे जेवण थंडावले होते. आणि मास्टरांचा बचाव काय? हे पद म्हणजे आमचे खाजगी वतन आहे, हिशेब देण्यास आम्ही बांधील नाही. लॉर्ड गिल्फर्डचा बचाव आणि हा बचाव यांत पाचशे वर्षांचे अंतर आहे; शब्दांत मात्र फार थोडे. हे मास्टर धर्मगुरूच होते, रोज मिस्साबली अर्पण करणारे, मृतांसाठी प्रार्थना करणारे. गॉथिक कमानींखाली उभे राहून त्यांनी म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास काढला.

विशेष म्हणजे ख्रिस्तसभेला हा रोग ठाऊक होता. १३११-१२ साली फ्रान्समधील व्हिएन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने आदेश काढला होता की गरिबांची हॉस्पिटले धर्मगुरूंना वतन म्हणून देऊ नयेत आणि कारभाऱ्यांनी दरवर्षी हिशेब सादर करावा. नियम झाला, आणि त्यानंतर साठ वर्षांनी विकम यांना खटला लढवावा लागला. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२८७ वे कलम आम्हांला शिकवले गेले. श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा, असे ते सांगते. परीक्षेत आम्ही ते बरोबर लिहिले. पुढे धर्मग्रामाच्या विश्वस्त समितीच्या सभेत खुर्चीवर बसल्यावर त्याचा अर्थ कळू लागला.

प्यूजिनच्या चित्राचा दोष असा आहे की त्यात मास्टरचे गुण इमारतीच्या शैलीतून उगवतात. टोकदार कमान असेल तेथे दयाळू मास्टर, बोडकी भिंत असेल तेथे चाबूकवाला. त्याने १८४० च्या सुमारास अर्ल ऑफ श्रूजबरी यांच्यासाठी ऑल्टन गावी स्वतःच एक दानगृह आरंभले, चॅपेल, शाळा आणि वृद्धांची घरे असलेले. ते सुंदर आहे. पण सौंदर्याला पावतीपुस्तक नसते.

दुसरे चित्र शब्दांचे आहे. गिल्फर्डने पद सोडले त्याच १८५५ साली अँथनी ट्रोलॉपची 'द वॉर्डन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत सेंट क्रॉसच्या खटल्याचा नावानिशी उल्लेख आहे. बार्चेस्टर नावाच्या कल्पित शहरात हायरम नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने १४३४ साली मागे ठेवलेले दानगृह आहे. बारा म्हातारे, आणि त्यांचे वॉर्डन रेव्हरंड हार्डिंग. म्हाताऱ्यांना रोज एक शिलिंग चार पेन्स. वॉर्डनला वर्षाला आठशे पौंड आणि सुंदर घर. जमिनींचे भाव वाढले, वाढ वॉर्डनकडे गेली. हार्डिंग मात्र गिल्फर्ड नव्हे. तो सज्जन, संगीतवेडा, म्हाताऱ्यांवर माया करणारा, स्वतःच्या पदरचे रोज दोन पेन्स त्यांना देणारा. त्याच्यावर आरोप करणारा तरुण सुधारक त्याच्या मुलीवर प्रेम करतो. वर्तमानपत्र त्याला झोडपते. त्याचा आर्चडीकन जावई म्हणतो, लढा, कायदा आपल्या बाजूचा आहे. आणि हार्डिंग एकच प्रश्न विचारत राहतो: हे पैसे माझे आहेत काय?

हा प्रश्न प्यूजिनच्या पानावर कोठेच नाही, आणि म्हणून ट्रोलॉप आम्हांला त्याच्याहून मोठा वाटतो. त्याने दुष्ट मास्टर रंगवला असता तर काम सोपे होते. डिकन्सने तसे केले असते, असे तो सुचवतोही. कादंबरीत 'मिस्टर पॉप्युलर सेंटिमेंट' नावाच्या लेखकाची 'द आम्सहाउस' नावाची कादंबरी येते, तीत पाद्री राक्षस असतो आणि म्हातारे संत. ही थट्टा डिकन्सवर थोडा अन्याय करते, पण तिच्यातून ट्रोलॉपला काय टाळायचे होते ते कळते. चांगल्या माणसाच्या हातूनही गरिबाचा हक्क बुडू शकतो, केवळ सवयीने, केवळ आधीपासून चालत आले म्हणून. हार्डिंग कायद्याने जिंकत असताना राजीनामा देतो. पाश्चात्त्य कादंबरीत धर्मगुरूची पात्रे आम्ही पुष्कळ वाचली. सदसद्विवेकाची टोचणी इतक्या हळुवारपणे दाखवलेला धर्मगुरू क्वचितच भेटला.

तरीही या चित्राला एक भोक आहे. ट्रोलॉपने आत्मचरित्रात कबूल केले आहे की दानाच्या पैशाचा गैरवापर आणि वर्तमानपत्रांची क्रूरता या दोन्ही दुष्कृत्यांवर एकाच वेळी प्रहार करण्याचा प्रयत्न चुकीचा होता. आमची तक्रार निराळी आहे. बारा म्हाताऱ्यांना त्याने खोल्या दिल्या नाहीत. आम्हांला हार्डिंगच्या दिवाणखान्याची खुर्ची न् खुर्ची दिसते, बाग दिसते, तो हवेतच वाजवतो तो काल्पनिक व्हायोलिनचेलो दिसतो. पण ज्यांच्यासाठी ते घर आहे त्यांच्या चुलीपाशी लेखक आपल्याला बसवीत नाही. वर्षाला शंभर पौंड मिळतील या आशेने ते अर्जावर सह्या, अंगठे उठवतात, तेव्हा लेखकाचा सूर किंचित चिडका होतो. कृतज्ञ राहिलेला वृद्ध बन्स तेवढा चांगला. शंभर पौंड मागणारा म्हातारा लोभी, आठशे घेणारा वॉर्डन विवेकी! हार्डिंगच्या विवेकाला आमचा नमस्कार आहे; पण म्हाताऱ्याच्या मागणीत न्याय होता की नव्हता, हे कादंबरी त्याला विचारत नाही. शेवटी हार्डिंग जातो, नवा वॉर्डन नेमला जात नाही, बारांपैकी सहा म्हातारे देवाघरी जातात, त्यांच्या जागा रिकाम्या राहतात, बाग माजते. हा शेवट अतिशय खरा आहे. भांडण दोन्ही पक्षांनी तत्त्वासाठी केले आणि घर ओस पडले.

धर्मक्रांतीनंतरच्या दानगृहांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची वास्तू पाहण्याजोगी असली तरी विचार फारसा बदलत नाही. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी मिस्सा वाहणारी चॅपेले आणि संघ बुडाले, अनेक हॉस्पिटलेही त्या वादळात गेली. वॉरिकमध्ये एका जुन्या संघाच्या लाकडी इमारतींत १५७१ साली अर्ल ऑफ लेस्टरने वृद्ध सैनिकांसाठी दानगृह काढले. क्रॉयडनला आर्चबिशप व्हिटगिफ्ट यांनी १५९६ ते १५९९ या काळात विटांचा चौक बांधला. तो आज दुकानांच्या गर्दीत उभा आहे. ब्रॉम्लीला बिशप वॉर्नर यांच्या मृत्युपत्रातून १६६६ मध्ये पाद्रींच्या वीस विधवांसाठी घर झाले. सेंट क्रॉस आणि यूएल्म येथील संस्थापकांना स्त्रिया सुचल्या नव्हत्या, हेही येथे नोंदवून ठेवतो. मृतासाठी प्रार्थना करणे निषिद्ध ठरले, तेव्हा दात्याची आठवण ठेवण्याचे काम दगडाकडे आले. कोनशिला, कुलचिन्हे, आणि मग थेट पुतळे.

लंडनच्या शोरडिचमध्ये १७१४ साली बांधलेली सर रॉबर्ट जेफ्री यांची चौदा घरे या परंपरेतली फार देखणी. तीन बाजूंनी नीटस घरे, मध्ये हिरवळ, आणि मधल्या चॅपेलच्या दारावर कोनाड्यात खुद्द जेफ्री. १९१४ पासून तेथे संग्रहालय आहे. २०१९ साली त्याने संस्थापकाचे नाव सोडून 'म्यूझियम ऑफ द होम' हे नाव घेतले. जेफ्रीची संपत्ती काही अंशी गुलामांच्या व्यापारातून आली होती, म्हणून २०२० साली त्याचा पुतळा ठेवावा की हटवावा यावर मोठा वाद झाला. त्याच वर्षी ७ जून रोजी ब्रिस्टलच्या जमावाने एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा बंदरात बुडवला. त्याच कोल्स्टनने १६९१ साली त्या शहरात दानगृह स्थापले होते. ती घरे मात्र उभी आहेत. ज्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेला होती, तिनेही १६२७ साली लंडनच्या पॉप्लरमध्ये आपल्या अपंग खलाशांसाठी एक घर विकत घेतले. त्याला जोडून १६५४ साली बांधलेले चॅपेल शिल्लक आहे, दानगृह नाही. हिशेबाची वही केवळ मास्टरपाशी थांबत नाही, ती दात्याच्या तिजोरीपर्यंत जाते, हे आमच्या पिढीला उशिरा कळले. आमच्याकडेही चर्चच्या बाकांवर दात्यांची नावे रंगवलेली असतात. पैसे कोठून आले, हे कोणत्या धर्मगुरूने विचारले आहे? आम्ही तरी नाही.

हार्डिंगसारखा एक वॉर्डन खरोखरीच होऊन गेला, असे म्हणता येईल. ईस्ट ग्रिनस्टेडच्या सॅकव्हिल कॉलेज या दानगृहात १८४६ पासून १८६६ साली मृत्यू येईपर्यंत जॉन मेसन नील हे वॉर्डन होते. तुटपुंजा पगार, नाजूक प्रकृती. चॅपेलमध्ये कॅथलिक वळणाची वेदी मांडल्यामुळे त्यांच्या अँग्लिकन बिशपांनी सोळा वर्षे त्यांना धर्मविधी करण्यास बंदी केली. त्या काळात त्यांनी लॅटिन आणि ग्रीक स्तोत्रांची इंग्रजी भाषांतरे केली. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत इंग्रजी भाविक जे प्राचीन स्तोत्र गातात, ते त्यांच्याच शब्दांत. म्हाताऱ्यांच्या चौकात राहणाऱ्या, बंदी घातलेल्या माणसाचे हे काम. त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही. पगार फारच थोडा असल्यामुळे घोटाळ्याला वावच नव्हता.

दारापाशी सुरू झालेली ही परंपरा संपलेली नाही. लंडनच्या बर्मंडसीमध्ये २०२३ साली 'ॲपल्बी ब्लू' नावाचे ५९ घरांचे नवे दानगृह उघडले, आणि २०२५ साली ब्रिटनमधला वास्तुकलेचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार त्याला मिळाला. म्हाताऱ्यांना गावाबाहेर, भिंतीआड न ठेवता भर रस्त्यावर आणले आहे, ही त्याची विशेषता. मध्ययुगीन चौकाच्या नेमके उलट. प्यूजिनला ते मुळीच आवडले नसते.

आणि चिचेस्टरचे ते दालनही त्याला आज आहे तसे पूर्ण आवडले नसते, असा आमचा तर्क आहे. सतराव्या शतकात कोणीतरी त्या मध्ययुगीन छपराखाली, जेथे खाटा होत्या तेथे, लहान लहान घरे घातली आणि प्रत्येकाच्या चुलीसाठी विटांची ओबडधोबड धुराडी थेट कौलांतून वर काढली. शैलीचा मेळ बिघडला, लाकडी मांडणीची एकसंधता गेली. त्या दालनात लोक आजही राहतात. पूर्वेला चॅपेल तसेच आहे, आणि चॅपेलकडे जाणाऱ्याला वाटेत दोन्ही बाजूंना लहान लहान दारे लागतात.